पासष्ट वॅटचा चार्जर

साड्यांच्या मागचे सुटे धागे कापायचं काम मी घरी करते. सुरतेत नवागामच्या आमच्या गल्लीत बऱ्याच बाया हेच करतात. एम्ब्रॉयडरीच्या साडीला उलट्या बाजूने धागे लोंबत असतात. ते छोट्या कात्रीने कापायचे, साडीला कात्री लागू द्यायची नाही, घडी घालून परत द्यायची. पूर्वी ठेकेदाराचा टेम्पो गल्लीच्या तोंडाशी उभा राहायचा आणि बाया त्याच्याभोवती गोळा व्हायच्या. जिचा आवाज मोठा, तिला गठ्ठे. मला चार माणसांत बोलायला जमत नाही. मी मागे उभी राहायची आणि टेम्पो रिकामा झाला की घरी यायची.

मोबाईल आल्यापासून ते संपलं. ठेकेदार आता दुपारी ग्रुपवर साडीचा फोटो टाकतो. ज्या बाया आधी अंगठा पाठवतील त्यांना माल, टेम्पो तो नंतर घेऊन येतो. ओरडायचं काम नाही. माझा अंगठा नेहमी पहिल्या दोघी-तिघींत असतो. म्हणून मी मोबाईलला फार जपते. धाग्यांचा भुगा घरभर उडतो, तो बसू नये म्हणून मी मखमलीच्या चिंध्यांची, आतून अस्तर लावलेली पिशवी शिवली होती. चार्जिंगलाही मोबाईल पिशवीतच असायचा, फक्त खालचं तोंड उघडं.

धाकटे दीर सुरतेजवळच्या सचिन गावी कारखान्यात आहेत. त्यांनी नवा मोबाईल घेतला आणि माझा चार्जर बिघडला होता म्हणून त्यांचा जुना मला दिला. त्यांचा आणि माझा मोबाईल एकाच कंपनीचा. म्हणाले, "वहिनी, हा पासष्ट वॅटचा आहे. स्वयंपाक होईपर्यंत अर्धा भरेल." तसा भरायचाही.

मग एका दुपारी पिशवीला हात लावला तर ती इस्त्रीसारखी गरम. आमच्या ह्यांची त्या आठवड्यात रात्रपाळी होती, म्हणून ते घरी होते. त्यांनी बटण बंद केलं, चार्जर उपटला आणि कपाटावर फेकला. हे लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात, काम करतात. तिथे भारी मोटर लावली की वायर जळते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं.

"पासष्ट वॅट म्हणजे काय खेळ आहे? मोबाईल केवढा, चार्जर केवढा?"

मी म्हटलं, "पण इतके दिवस चालला ना."

"तुले काय समजस त्यातलं?" चिडले की हे अहिराणीत येतात.

त्यांनी जुन्या बटणाच्या मोबाईलचा छोटा चार्जर काढून दिला, वायर तीच ठेवली. कमी वॅट, म्हणजे धोका नाही, असा त्यांचा हिशेब. दीर संध्याकाळी आले, त्यांनी ते पाहिलं. "दादा, हा मोबाईल बैलगाडीत बसवलास की. दिवाळीपर्यंत पोचेल."

"पोचू दे. घर तरी जळणार नाही."

पण मोबाईल खरंच भरेना. सकाळभर लावून ठेवला तरी दुपारी बंद पडायचा, आणि फोटो तर दुपारीच येतो. पहिल्या दिवशी माल गेला. दुसऱ्या दिवशीही गेला. शेजारीण तिचे गठ्ठे घेऊन जिना चढून माझ्या दारावरून गेली, विचारायला लागली, "तू काम सोडलंस काय गं?" मी ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, "मग उरलासुरला माल मागायला टेम्पोपाशी जाऊन उभी राहत जा. आधी जात नव्हतीस का?"

आधी जात होते म्हणूनच मला माहीत होतं की तिथे माझ्या हाताला काही लागणार नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी चार्जर काढताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली. छोट्या चार्जरचीही पिन गरम होती. मी थांबले. पासष्टमुळे तापत असेल तर ह्याने का तापावं? मग दोष वॅटचा नाही, दुसरा काहीतरी आहे. एवढं माझं मन पक्कं झालं आणि मी मोबाईल, दोन्ही चार्जर, वायर पिशवीत घालून डिंडोली रोडच्या रिपेअरिंगच्या दुकानात गेले. एकटी. गिऱ्हाईकं पांगेपर्यंत बाहेर उभी राहिले, मग आत गेले.

दुकानदार वयस्कर गुजराती. त्यांनी पिशवी उलटीपालटी करून पाहिली. "बेन, आ शुं छे? सुरतनी गरमीमां मोबाईलने स्वेटर?"

मला हसू आलं, त्यामुळे बोलणं सोपं झालं. त्यांनी मोबाईल बंद केला आणि चार्जिंगच्या भोकात लाकडी काडी फिरवली. आतून भुग्याचा दाबून बसलेला गोळा निघाला, गुलाबी आणि मोरपंखी. दोन्ही रंगांच्या साड्या मी ओळखल्या. भुग्यामुळे पिन नीट बसत नव्हती, म्हणून ती तापायची. वरून पिशवी, मग मोबाईलची गरमी जाणार कुठे? वायरीची मानही पिचली होती. त्यावर ह्यांनी चिकटपट्टी गुंडाळली होती.

मग मी जे विचारायला आले होते ते विचारलं. "पासष्टने मोबाईल जळणार नाही ना?"

ते हिंदीत म्हणाले, चार्जर ढकलत नाही, मोबाईल मागतो तेवढंच देतो. तुमचा मोबाईल तेहेतीस वॅट घेणारा आहे, पासष्टला लावलात तरी तेहेतीसच घेईल. फक्त चार्जर चांगल्या कंपनीचा हवा, रस्त्यावरचा हलका नको. मला लगेच टेम्पो आठवला. टेम्पोत शंभर गठ्ठे असोत, मी माझ्या हाताला होतील तेवढेच उतरवते. जास्त गठ्ठ्यांनी माझा हात मोडत नाही.

वॅट कसे काढायचे तेही त्यांनी दाखवलं. चार्जरवर बारीक अक्षरांत व्होल्ट आणि अँपिअर लिहिलेले असतात, त्यांचा गुणाकार करायचा. छोट्यावर पाच आणि एक. पाच एके पाच. तेहेतीस मागणाऱ्याला पाच, तो भरणार कधी? दुकानात टांगलेल्या एका चार्जरवर अकरा आणि तीन होतं. अकरा त्रिक तेहेतीस, मी मोठ्याने म्हटलं. चौथीपर्यंतच शाळा झाली, पण पाढे माझे पक्के आहेत. तो मोबाईलच्या मापाचा होता, तरी मी घेतला नाही, कारण पासष्टचा माझ्याजवळ होता आणि दुकानदारांनी तो तपासून बराबर म्हटला होता. मी जाडसर नवी वायर घेतली.

घरी आले तेव्हा हे नुकतेच उठले होते. मी पिशवीशिवाय मोबाईल फरशीवर ठेवला आणि ह्यांच्यासमोर पासष्टचा लावला.

"परत तोच?"

"तोच. तुम्ही इथे बसा. तापला तर तुम्हीच बंद करा."

मी असं बोलत नाही, म्हणून असेल, पण ते बसले. मी भाकरी थापायला घेतली. मधून मधून ते मोबाईलला हात लावून बघायचे, जसा तापातल्या पोराच्या कपाळाला लावतात. शेवटी म्हणाले, "कोमट आहे."

"कोमट होणारच. चटका बसतो का?"

"नाही." मग वायरीवर हात फिरवून, "वायर नवी दिसते."

"जुनी पिचली होती. तुम्हीच बांधली होती ना."

ते तिथेच आडवे होऊन परत झोपले. दुपारी फोटो आला, जांभळ्या साडीचा. मोबाईल भरलेला होता. मी अंगठा पाठवला, आणि टेम्पोवाल्याने खालून हाक मारली तेव्हा गठ्ठे वर आणायला हेच उठून गेले.