चुलीचा की चिमणीचा?

नरखेडहून एसटी सुटली तेव्हा मांडीवर संत्र्यांची पिशवी होती आणि पोटात भीती. माझ्या धाकट्या बहिणीला, शांतेला, दम लागतो. तिच्या नागपूरच्या गच्चीवर माझ्या नातीनं, गौरीनं, हवा ओढणारं यंत्र बसवलं होतं. शहराच्या हवेत कुणाकुणाचा धूर आहे ते शोधणं हे गौरीचं काम. यंत्रातला कागद आणायला ती जाणार होती, आणि मागे शेपूट म्हणून मी.

काटोल मागे पडलं, उन्हं वर आली, तरी नागपूर दिसेना. क्षितिजावर भगुल्याच्या बुडासारखा काळपट पट्टा होता, तेच शहर. नवी नवरी म्हणून मी याच रस्त्यानं आले होते. वीजघराच्या चिमण्यांकडे बोट दाखवून ह्यांना म्हणाले, "अगं बाई, इथं ढग बनवते काय?" वेणीत मोगरा, डोक्यात भुसा! अख्खी एसटी हसली, आणि मला वाटलं, नवरी आवडली लोकांना.

स्टँडवर गौरी स्कूटी घेऊन उभी होती. तोंडाला फडकं बांधून मागे बसले. खोदलेले रस्ते, सिमेंटची धूळ, कोपऱ्यावर पेटवलेला कचरा. एका शाळेच्या छपरावर तिचं असंच दुसरं यंत्र होतं; तिनं त्याची पेटी उघडली आणि पापडीएवढा गोल कागद चिमट्यानं उचलला. काल दुधासारखा ठेवलेला, आज राखाडी.

"आता प्रयोगशाळेत यातलं एकेक निवडायचं," ती म्हणाली. "कोळशाच्या राखेची खूण वेगळी, लाकडाच्या धुराची वेगळी, डिझेलची वेगळी, मातीची वेगळी."

"म्हणजे तांदळातले खडे निवडल्यासारखं."

"हो, पण इथं तांदूळ कमी आणि खडेच जास्त, आजी."

चौकात झणझणीत रस्सा घातलेले तर्रीपोहे खाल्ले. डोळ्यांतून पाणी आलं. तर्रीनं की हवेनं, कोण सांगणार?

शांतेचं घर उत्तरेला, चिमण्यांच्या अंगाला. अंगणात गोवऱ्यांवर रोडगे (निखाऱ्यात भाजलेले कणकेचे गोळे) ठेवलेले. "ये वं ताई! इतकी काहून वाळली?" शांता म्हणाली, आणि पुढचं बोलणं खोकल्यात गेलं. दाराची चौकट धरून ती कितीतरी वेळ वाकून उभी होती.

तिच्या पुण्याच्या मुलानं बजावून ठेवलंय: दम चुलीच्या धुपटाचा (धुराचा) निघाला तर चूल फोडायची, चिमणीचा निघाला तर घर विकून पुण्याला यायचं. एका गच्चीवरच्या कागदावरून एका माणसाच्या छातीतलं सांगता येत नाही, असं गौरीनं त्याला परोपरीनं सांगितलं. तो ऐकत नाही.

गच्चीवर गौरीनं पेटी उघडली. कागद पिवळाकाळा. यंत्राच्या तोंडाशी हळदकुंकू, झेंडूचं फूल आणि जळलेल्या उदबत्त्यांचा हा एवढा जुडगा.

"मावशीआजी, हे काय केलं? कागद वाया गेला!"

"पूजा केली वं पोरी. दसऱ्याले तुम्ही गाडीची करता न?"

"दसरा होऊन गेला की!"

"मशीन त आता आली न."

मला हसू फुटलं, मग गौरीलाही. ती नवा कागद आणायला खाली उतरली, तशी शांता माझ्याजवळ सरकली. चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"चुलीचा निघाला त चूल जाते, चिमणीचा निघाला त घर जाते. मंग मी कागद साफ काहून राहू देऊ, सांग."

"अन् दम?"

"तो त माहाच हाये. तो कुठी जाऊन राहिला?"

गौरीनं नवा कागद बसवला. पुन्हा उदबत्ती लावणार नाही, असं शांतेनं कबूल केलं. रोडगे खमंग होते, पण अर्धा ताटात ठेवूनच मी उठले.

परतीच्या एसटीत खिडकी लागेना. शिवारात कुणी पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली झाडं) पेटवल्या होत्या, आणि वारा नागपूरकडे होता. म्हणजे शांतेच्या कागदावर आमच्या गावचाही हिस्सा पडणार. हे तिच्या मुलाला कुणी सांगावं?

घरी येऊन देवापुढे हात जोडले. चुलीचा निघू दे म्हणू, की चिमणीचा? मागणं सुचेना. शेवटी नुसतं तिचं नाव घेतलं आणि उठले.