ज्ञानूचं आवतण

आमच्या गावात ग्रामसभेला माणसं येत नसत. दवंडी पिटली की पंधरा डोकी जमायची, त्यातली चार चावडीच्या सावलीत घोरायची. मी तिथला ग्रामसेवक, त्यामुळं कागदावर सभा भरवायची कला मला लवकर साधली. आटपाडीकडच्या कोरड्या मुलखातून मी कराडच्या उसात आलो होतो. नोकरी टिकवायची होती, म्हणून प्रत्येकाच्या होला हो करायचो.

चौसष्टच्या ऑक्टोबरात चीननं अणुबाँब उडवला. आपल्या देशानंही बाँब करावा, असा ठराव दिल्लीला धाडायचं सरपंच हिंदुरावांनी मनावर घेतलं. त्यात मिरवायची हौस नव्हती. त्यांचा धाकटा भाऊ बासष्ट साली नेफाच्या सरहद्दीवर चिन्यांशी लढायला गेला तो परत आलाच नाही, त्याची राखसुद्धा आली नाही. गावात घरटी एक माणूस पलटणीत. ते मला म्हणाले, "भाऊसाहेब, दवंडी नगं. ज्ञानूला आवतण द्याया सांगा. गाव करी ते राव न करी."

लग्नाचं आवतण घरोघर द्यायचा मान आमच्याकडं न्हाव्याचा. ज्ञानू न्हाव्यानं उंबऱ्याशी उभं राहून बोलावलं, की न जाणं म्हणजे यजमानाचा अपमान. मान म्हणायचा, एरवी त्याला ओट्यावर बसायलाही कोणी सांगत नसे.

पण ज्ञानूला तो ठरावच नको होता. तरुणपणी तो पलटणीचा न्हावी होता, आणि महायुद्ध संपल्यावर ती पलटण जपानात ठेवली होती. हिरोशिमा त्यानं डोळ्यांनी बघितलेलं. चावडीत उभा राहून तो हिंदुरावांना म्हणाला, "आबा, एक म्हातारा आमच्या छावणीत लाकडं फोडाया यायचा. म्या एकडाव त्येची दाढी कराया घेतली. कानापसनं खांद्यापतुर कातडं मेनावानी थिजल्यालं. वस्तरा कुटं टेकवावा कळंना. घरातली समदी गेल्याली, आन त्यो मलाच हात जोडत हुता. आसलं आपुन कुनाला करू ने."

"आन आमाला केलं त्याचं काय रं?" हिंदुराव म्हणाले.

ज्ञानूनं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

मग हिंदुराव मऊ आवाजात म्हणाले, "तू आवतण दे. तुजं म्हननं सभेत मांड. तुला कोन आडवतंय?"

ज्ञानूला ते खरं वाटलं. तो दोन दिवस घरोघर फिरला. प्रत्येक उंबऱ्यावर आधी आवतण, मग तो म्हातारा. शेवटी विनवणी, "या, पन हात वर करू नगा." रंगुबाईचा मुलगा फौजेत. तिनं डोळ्याला पदर लावला आणि म्हणाली, "बरुबर हाय रं बाबा तुजं." सगळेच तसं म्हणाले. दारात आलेल्या न्हाव्याला तोंडावर नाही कोण म्हणतं? संध्याकाळी ज्ञानू उजळल्या चेहऱ्यानं माझ्याकडं आला. "भाऊसाहेब, निम्मं गाव माज्याकडनं हाय." मला गाव ठाऊक होतं, तरी मी "असेल की" म्हणालो.

सभेला मुंगी शिरायला जागा नव्हती. बायकासुद्धा आल्या होत्या. हिंदुरावांनी ठराव वाचला, भावाचं नाव घेतलं, आणि साऱ्या चौकात हात वर गेले. रंगुबाईचा आधी. ज्ञानू मागं भिंतीशी होता. ते हात बघून त्यानंही हात वर केला आणि ओरडला, "आबा, मला बोलायचं हाय!" घोषणा सुरू झाल्या होत्या, कुणाला ऐकू जाणार! मी पेन्सिल घेऊन हात मोजत होतो. खोटं कशाला सांगू, तो हात कशासाठी वर आहे हे मला दिसत होतं. तरी मोजला. विरोधात कोण, हे कुणी विचारलंच नाही. 'सर्वानुमते मंजूर' हे तर मी सकाळीच लिहून ठेवलं होतं.

मग हिंदुरावांनी ज्ञानूला पुढं बोलावलं आणि गाव गोळा केल्याबद्दल त्याला नारळ दिला. टाळ्या पडल्या. तो नारळ कुठं ठेवावा हे त्याला कळेना. मला लाज वाटली, पण मीही टाळी वाजवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो कचेरीत आला. "भाऊसाहेब, माजा हात काढा त्यातनं."

"सरपंचांची सही झाली, ज्ञानू."

"त्येंची झाली आसंल. माजी कुटं हाय?"

मी वही उघडून दाखवली. त्याला अक्षर येत नव्हतं, आकडे येत होते. बोट ठेवून त्यानं वाचलं, "दोनशे तेरा. ह्यातला माजा कंचा?"

"तसं सांगता येत नाही. नावं नाहीत, नुसता आकडा आहे."

"मंग म्या काय म्हनलो, ह्येच्यात?"

मी वही मिटली. "हो म्हणालास."

तेवढ्यात टपालवाला आला. दिल्लीला जायचं ठरावाचं पाकीट टेबलावर तयार होतं. ज्ञानूनं ते उचललं, उलटसुलट करून बघितलं, आणि मी हात पुढं केल्यावर मुकाट्यानं माझ्या हातात दिलं. मी ते टपालवाल्याला दिलं.