द्रौपदीताईंच्या जमा फेऱ्या

द्रौपदी रामटेके आमच्याच क्लोजमध्ये, म्हणजे पुढे बंद होणाऱ्या गल्लीत, कोपऱ्यावरच्या घरात राहतात. मूळच्या नागपूरच्या. इथे इंग्लंडमध्ये बेसिंगस्टोकला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये बरीच वर्षं नोकरी केली आणि आता रिटायर झाल्या आहेत. त्यांच्याकडे बॉयलर दुरुस्त करायला माणूस आला, की तो चहा पिऊन निघेपर्यंत ताईंना बॉयलर समजलेला असतो. त्यांचे मिस्टर काशीनाथराव याला ‘चौकशी आयोग’ म्हणतात.

या आयोगाने एकदा त्यांना थेट मोटारींच्या शर्यतीत नेऊन बसवलं.

शेजारी माल्कम नावाचे म्हातारे गृहस्थ राहतात. त्यांच्या गॅरेजमध्ये एक जुनी ऑस्टिन सेव्हन आहे, शंभरीला टेकलेली. इतकी लहान, की काशीनाथरावांनी पहिल्यांदा बघितल्यावर विचारलं होतं, “ही मोठी झाल्यावर केवढी होते?” दर जूनमध्ये माल्कमचा क्लब एका बंद पडलेल्या एअरफील्डवर चार तासांची शर्यत भरवतो. छोट्या ऑस्टिनपासून अवाढव्य बेंटलीपर्यंत गाड्या सगळ्या दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या आणि पद्धतही त्याच काळातली, वेब्रिजच्या मोठ्या सिमेंटच्या ट्रॅकवर लांब पल्ल्याच्या हँडिकॅप शर्यती व्हायच्या तशी.

त्या वर्षी माल्कमचा भाऊ म्हणाला, डोळे साथ देत नाहीत, मी नाही येत. नियमाप्रमाणे प्रत्येक गाडीला दोन ड्रायव्हर लागतात. माल्कमनी हे दुःख कुंपणावरून ताईंना सांगितलं. ताई कपडे वाळत घालत होत्या.

“पण तुमची ही चिमुकली आणि बेंटली एकाच शर्यतीत?” ताईंनी विचारलं. “मग शर्यत कसली?”

“छोट्या गाडीच्या नावावर आधीच काही फेऱ्या जमा असतात,” माल्कम म्हणाले. “बेंटली शून्यापासून सुरू करते. तिने आम्हाला गाठायचं.”

“किती फेऱ्या, ते कोण ठरवतं?”

“हॉब्डे. आमचा हँडिकॅपर.”

“त्याला कसं कळतं?”

माल्कमनी डोकं खाजवलं. “हे मी कधी विचारलंच नाही. तूच येऊन विचार ना. येतेस तर गाडीही चालव.”

आणि ताई हो म्हणाल्या!

काशीनाथरावांना मात्र हे रुचलं नाही. त्यांना शर्यतीची भीती नव्हती, त्यांना तो शब्द खटकला. “हँडिकॅप म्हणजे सवलतच ना? अगं, जिंकलीस तरी म्हणतील, हिला आधीच फेऱ्या दिल्या होत्या.” नागपूरला सरकारी ऑफिसात त्यांनी ‘कोट्यातला’ हा शब्द पाठीमागून पुष्कळ ऐकला होता.

ताईंनी हा प्रश्न जसाच्या तसा माल्कमना विचारला. काशीनाथराव तिथेच उभे होते.

“कोण म्हणेल?” माल्कमना समजेना.

“बेंटलीवाला.”

“तो कशाला म्हणेल? फेऱ्या दिल्या नाहीत तर त्याला चार तास एकट्यालाच फिरावं लागेल.”

दोन-तीन दिवसांनी स्लाऊला जयंतीच्या कार्यक्रमाला आम्ही एकाच कारने गेलो, तेव्हा वाटेत काशीनाथराव आपणहून म्हणाले, “माल्कम म्हणतो ते मला पटलं. पण आपलं तसंच आहे असं नाही बरं का. त्या गाडीला कोणी मुद्दाम लहान ठेवलं नव्हतं.” मागच्या सीटवरून ताई हळूच म्हणाल्या, “हो, खरंय.”

गाडी शिकणं सोपं नव्हतं. ऑस्टिनचा क्लच म्हणजे दिव्याचं बटण, लागला तर लागला, नाहीतर नाही. गिअर बदलताना क्लच दोनदा दाबायचा, मध्ये इंजिनाचा वेग जुळवायचा, नाहीतर पोटातून कर्रर्र आवाज यायचा. “असं का होतं?” म्हणून ताईंनी माल्कमना एक जुना गिअरबॉक्स टेबलावर उघडायला लावला. दात्यात दाता कसा बसतो ते बघितलं आणि त्या दिवसापासून कर्रर्र बंद झालं म्हणा ना, निदान बरंच कमी झालं. क्लबच्या परीक्षेत त्या दुसऱ्या प्रयत्नात पास झाल्या.

शर्यतीच्या सकाळी आभाळ भरलेलं होतं. ताई आधी हॉब्डेंना गाठायला गेल्या. ते एका तंबूत फोल्डिंगच्या खुर्चीवर बसून सँडविच खात होते.

“तुम्ही माझ्या फेऱ्या कशा ठरवल्या? मला तर कधी बघितलंच नाही.”

“नवीन आहात म्हणून मंद धरलंय,” हॉब्डे शांतपणे म्हणाले. “चुकलो तर पुढच्या वर्षी सुधारतो.”

पहिले दोन तास माल्कमनी चालवली, मग ताई बसल्या. काशीनाथराव कडेला, ताईंना जाता जाता निरोप दाखवायची पाटी घेऊन उभे होते. त्यावर खडूने काय लिहायचं ते माल्कम सांगत. मी चहाचा थर्मास सांभाळत होते. बेंटली दर थोड्या वेळाने ताईंच्या शेजारून गर्जत जायची, छोटी ऑस्टिन हेलकावे खायची, आणि तरीही कागदावर ताईच पुढे होत्या! नेमकं पुढे कोण, ते बघणाऱ्यांपैकी कोणालाच धड सांगता येत नव्हतं.

शेवटच्या तासात ऑस्टिनच्या बॉनेटचा चामडी पट्टा तुटला. बॉनेट उघडझाप करू लागलं. मार्शलने झेंडा दाखवून ताईंना बाहेर बोलावलं.

“दोरी!” माल्कम ओरडले. दोरी कोणाकडेच नव्हती. काशीनाथरावांनी पँटचा बेल्ट काढला, बॉनेटवर आवळला आणि म्हणाले, “जा, द्रौपदी!” उरलेला वेळ त्यांनी एका हाताने पाटी आणि एका हाताने पँट धरून काढला.

पाऊस आला. बेंटली वळणांवर जपून जाऊ लागली. हलकी ऑस्टिन मात्र होती त्याच वेगाने चालत राहिली. शर्यत संपल्यावर हॉब्डेंनी सगळ्यांना बराच वेळ ताटकळत ठेवलं. निकालात रामटेके-माल्कम तिसरे आले. बेंटली दुसरी, तीही जेमतेम पुढे. तिचा मालक चिखलातून चालत आला आणि ताईंचा हात हातात घेऊन म्हणाला, “तुमच्या नावावर आणखी दोन फेऱ्या असत्या, तर तुम्हाला गाठता आलं नाही म्हणून मी रडलो असतो.” काशीनाथराव त्याच्याकडे बघतच राहिले. मग त्यांनीच त्याला चहा दिला.

सगळ्यांना वाटलं, ताई आता दरवर्षी शर्यतीत उतरणार. पण बक्षीस घेताना त्यांनी हॉब्डेंना विचारलं, “गाडी सुरू व्हायच्या आधी ड्रायव्हर कसा आहे, हे ओळखता येतं का?”

“थोडंफार. सरावाच्या दिवशी माझ्या शेजारी येऊन बसा.”

त्या गेल्या, आणि तिथेच रमल्या. कोण पावसात घाबरतो, कोण मुद्दाम सरावात हळू चालवतो, हे त्यांना गाडी हाकण्याहून जास्त मजेचं वाटलं. आता त्या हॉब्डेंबरोबर फेऱ्या ठरवतात. माल्कमना दुसरा जोडीदार मिळाला आहे.

गेल्या जूनमध्ये ऑस्टिनच्या जमा फेऱ्यांतली एक कमी झाली. माल्कम तडक ताईंच्या दारात.

“द्रौ, हे तू केलंस?”

“हो. तुम्ही वळणावर ब्रेकच मारत नाही. मी दोन तास पाटीजवळ उभं राहून बघितलंय.”

“पण आपण शेजारी आहोत!”

“म्हणून तर एकच कापली,” ताई म्हणाल्या, आणि त्यांना आत बोलावलं.