फिकी मिरची झोंबली तेव्हा

तोंडात उष्णता झालीय असं सांगून एका औषधवाल्याने मला सहा महिने फसवलं. गालात आतून पांढरा चट्टा होता आणि तो त्यावर मलम लावत राहिला.

आज मिरची वाळवायच्या पथारीवर ठसका लागला आणि रनाळ्याची एक शेतकरीण आठवली. मिरची चावून बघूनच मी भाव करायचो. ते मलम चालू असतानाच एक दिवस तिची फिकी मिरची दाताखाली धरली आणि तोंडात आग झाली. मी भर बाजारात ओरडलो, “यामा लवंगी मिसळी तू! माले फसाडस?”

ती शांतपणे म्हणाली, “मिरचीले शिव्या काय देस, शेठ? मन्हा धनीलेबी पहिले असंच झोंबे. तो आते नही ऱ्हायना. तोंड दखाड डॉक्टरले.”

तिला खोटं पाडायलाच मी डॉक्टरकडे गेलो. तंबाखूने गालातल्या पेशी बिघडून कॅन्सरची गाठ धरली होती, पण मानेपर्यंत पसरली नव्हती. शस्त्रक्रिया झाली, किरणांचे शेक घेतले, वाचलो. तेव्हा त्या बाईचा संताप आला होता. आज तिला मनापासून हात जोडतो.

पण औषधवाल्या, तिने उभ्याउभ्या ओळखलं ते माझ्या तोंडात सहा महिने बोट घालून तुला दिसलं नाही? आणि दिसलं असेल, तर गप्प का बसलास? उत्तर दे.