संपतरावांची तात

शनिवार, १४ डिसेंबर २०२४. हिंगोलीच्या सभागृहाचे भाडे ४,२५० रुपये भरून मी पावती खिशात ठेवली, तेव्हा दुपारचा एक वाजला होता. पुण्याहून आलेला अकरा वादकांचा वाद्यवृंद आमच्या मंडळासाठी सायंकाळी वाजवणार होता. आधी तीनशे वर्षांपूर्वीचे युरोपीय संगीत, शेवटी लोकनृत्यांच्या चालींवरच्या रचना. परभणी आटोपून ते इथे आले होते. दुसऱ्या दिवशी नांदेड.

अडचण दीड वाजता कळली. त्यांच्यातले सर्वांत मोठे वाद्य, माणसाहून उंच असा डबल बास, कालिंदी नावाची मुलगी वाजवायची. त्याला जुन्या पद्धतीप्रमाणे मेंढीच्या आतड्याच्या तारा होत्या. कोरड्या थंडीने त्यातली जाड तार तुटली, आणि राखीव तार परभणीतच वापरून झाली होती.

मला कळमनुरीजवळ मेंढरं राखणारे संपतराव आठवले. कापूस पिंजणारे आपल्या धनुकलीला जी तात लावत, ती हे वळायचे. आतडी धुऊन, पिळून, दोन खांबांना ताणून. यंत्रं आली आणि तो धंदा बसला. मी मोटारसायकलवर गेलो. घरात आढ्याला एकच वेटोळे उरले होते. ते द्यायला संपतराव तयार होईनात. ताणलेली तात तुटून त्यांच्या थोरल्या भावाचा डावा डोळा गेला होता. मी फारच गळ घातली, तेव्हा पुढे बसू देणार असाल तर तात घेऊन येतो, म्हणाले.

तार चढली. संपतरावांनी ती दोनदा चिमटीतून फिरवली.

"माय, तोंड जरा बाजूला ठेवून वाजव."

कालिंदी हसली. "काका, मग सूर कसा कळायचा मला?"

"सूर कानानं कळतो. डोळ्याचं काय काम हाय तिथं?"

पण वाजवू लागली की तिचा गाल तारेजवळ जायचाच. पहिल्या रांगेत संपतराव माझ्या शेजारी होते. दीड तासात त्यांनी तारेवरची नजर काढली नाही, आणि त्यांच्यामुळे मीही. काय वाजले ते मला सांगता येणार नाही. 

लोकनृत्याच्या चालीवरची शेवटची रचना सुरू झाली. लोक टाळ्यांनी ठेका धरू लागले, तशी ती तारेवरून गज अधिकच जोरात ओढू लागली. संपतरावांनी माझे मनगट धरले.

"केस उठला, साहेब. न्हाई टिकायची."

खरेच, दिव्याच्या उजेडात तारेचा एक बारीक धागा सुटून उभा दिसत होता. दोनच मिनिटे राहिलीत, होऊन जाऊ द्या, असे मी म्हणालो. मी असे म्हणालो, हे मला अजून टोचते.

ते उठले. आयुष्यात कधी मंचावर न चढलेला माणूस तीनशे लोकांसमोर पायऱ्या चढला आणि खांद्यावरची घोंगडी त्याने कालिंदीच्या तोंडासमोर तारेवर टाकून धरली. संगीत अडखळले. मागे कोणी हसले, कोणी खाली उतरा म्हणून ओरडले. कालिंदीने रागाने गज उचलला, तोच घोंगडी आतून कोणी लाथ मारावी तशी उसळली. तार तुटली होती. संपतरावांच्या बोटाचे सालटे निघाले.

कालिंदी बराच वेळ गालावर हात ठेवून उभी होती. मग उरलेल्या तीन तारांवर तिने ती रचना पुरी केली.

तातीची किंमत संपतरावांनी घेतली नाही. तुटलेल्या मालाचे पैसे काहून घ्यायचे, म्हणाले. परत जायच्या जीपचे चाळीस रुपये मी देणार होतो, पण सुटे नव्हते, म्हणून त्यांनीच भरले. ते चाळीस रुपये मी त्यांना अजून दिलेले नाहीत.