ट्रामच्या रुळांमधून बारशाला

लालबागच्या नाक्यापासून भायखळ्यापर्यंत मी एकदा ऑफिसातल्या साहेबाचं गाऱ्हाणं एका परक्या म्हातारीला सांगत गेलो. माझी समजूत, मागे बायको आहे. आमची चालायची पद्धतच तशी: मी पुढे, ती मागे. फुटपाथवर खोकी, खाटा, पानवाल्याचं फळकूट. दोघांनी शेजारी चालायचं कुठून? मी मान न वळवता बोलायचो, ती मागून "हं" म्हणायची. त्या दिवशीही "हं" वेळच्या वेळी येत होते. भायखळ्याला सहज मागे वळलो, तर म्हातारी म्हणाली, "थांबलास कशाला? मग साहेबाने काय केलान?"

बायको लालबागलाच होती. मी मोटारींच्या मधून निसटलो आणि ती पिशवी घेऊन पलीकडेच अडकली. घरी म्हातारीची हकिगत ऐकून म्हणाली, "यापुढे तुमच्याबरोबर पायी येणार नाही." आणि ते तिने पाळलं.

मग तिच्या भावाला मुलगी झाली. बारसं ठाकूरद्वारला, तिच्या माहेरी. एकुलती एक आत्या ही. बाळाच्या कानात नाव हिनेच सांगायचं. आणि नेमका त्याच दिवशी संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ. ट्राम, बस, टॅक्सी, सगळं बंद. चाळीच्या सभेत हरताळासाठी सर्वांत मोठ्याने ओरडलेला माणूस मीच. सकाळपासून ती नवं लुगडं नेसून माझ्याकडे पाठ करून गॅलरीत उभी होती.

"चालत जाऊ या?" मी शेवटी विचारलं.

"तुमच्या मागून?"

असं तिने विचारलं खरं. पण ती चप्पल घालून खाली उतरली.

सवयीने आम्ही फुटपाथवरच चढलो, मी पुढे. मोकळा रस्ता शेजारी पसरलेला, आणि आम्ही दोघं खोक्यांना वळसे घालतोय. रस्ता गाड्यांचा आणि उरलेली कड आपली, हे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं. मग मी खाली उतरलो आणि ट्रामच्या रुळांमध्ये जाऊन उभा राहिलो. "ये इकडे."

"अहो, गाडी येईल."

"कुठून येईल? मीच बंद केलीय ना."

ती हसली आणि आली. पुढे सबंध वाट माझ्या शेजारून चालली. इतक्या वर्षांत चालताना तिचा चेहरा मी प्रथमच पाहत होतो. बोलताना ती हवेत बोटाने रांगोळीचे ठिपके दिल्यासारखं करते, हे मला ठाऊकच नव्हतं. त्या दिवशी ती बोलत होती आणि "हं" मी म्हणत होतो. भायखळ्याच्या पुलावर तिने मला बाळाचं नाव सांगितलं, अगदी कानाशी येऊन, आणि तिथे पोचेपर्यंत तोंड बंद ठेवा म्हणून बजावलं.

बारसं वेळेवर झालं. नाव सांगताना बायकांनी आत्याच्या पाठीत रीतसर धपाटे घातले. येतानाही आम्ही रुळांमधूनच आलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती गॅलरीतून रस्त्याकडे बघत होती. खाली ट्रामची घंटा, मोटारींचे भोंगे, सगळं पूर्ववत. मी सभेला निघालो, तशी म्हणाली, "पुढचा हरताळ कधी, तेवढं विचारून या. साहेबाने मग काय केलं, ते माझं ऐकायचं राहिलंय."