वर्षाला चाळीस पानं

धम्मदीना सिस्टर माणूस पारखते ते त्याच्या नखांवरून. चौतीस वर्षं सरकारी दवाखान्यात नोकरी केली, त्यातली शेवटची नऊ मेट्रन म्हणून. रिटायर होऊन पाच वर्षं झाली तरी ही खोड काही गेली नाही. नखं काळी दिसली की माणूस बाद. मग तो डॉक्टर असो, नगरसेवक असो, नाहीतर सख्खा भाऊ असो. इंदुरात पाटनीपुऱ्याजवळ पहिल्या मजल्यावर दोन खोल्यांत ती एकटी राहते. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलंच तर म्हणते, "चार बघितले होते. चौघांतल्या एकालाही थर्मामीटर वाचता येत नव्हता."

या बाईच्या कपाटात, दोन जुन्या एक्स-रे फिल्मांच्या मध्ये, एक कागद आहे. तिचे आजोबा हवालदार तात्याराव पलटणीतून सुटले तेव्हाचा, १९४८ सालचा. नाव, हुद्दा, उंची, अंगावरची खूण, खाली जांभळा शिक्का. आणि राहण्याचा पत्ता : महू छावणी. पोरांचे जातीचे दाखले काढायचे तर घराणं एकोणीसशे पन्नासच्या आधीपासून इथलंच होतं हे दाखवावं लागतं, आणि अख्ख्या खानदानात ते दाखवणारा हा एकच कागद शिल्लक आहे. बाकीच्या घरांतले असले कागद काही वाळवीनं खाल्ले, काही बिनअकलेच्या माणसांनी रद्दीत घातले. तेव्हा ज्याच्या पोराची ॲडमिशन, तो धम्मदीनाच्या जिन्यावर. ती कॉपी देते. कागद देत नाही. एका भाचीनं एकदा सुचवलं होतं, "मावशी, लॅमिनेट करून घे ना." त्या भाचीशी ती दोन वर्षं बोलली नव्हती.

कॉपी काढायची तिची एक पद्धत होती. कागद स्वतः घेऊन जायची, झेरॉक्सवाल्याला बाजूला सरकवायची, स्वतःच्या हातानं काचेवर ठेवायची, स्वतःच्या हातानं उचलायची. तो झेरॉक्सवाला दुकान बंद करून गेला आणि तिथं आता मोमो मिळतात. मागच्या महिन्यात ती कॉलेजसमोरच्या दुसऱ्याकडे गेली. हा गडी शेव घातलेले पोहे खात बसला होता. ती चष्मा काढेपर्यंत त्यानं तिच्या हातातून कागद घेतलासुद्धा.

"भिया, हात!" ती इंदुरी ढंगात, भैयाचं भिया करून ओरडली.

"अरे मॅडम, सेव है, शुद्ध है," तो म्हणाला.

शिक्क्यापासून बोटभर अंतरावर तेलाचा अख्खा अंगठा उमटला होता. घरी येऊन तिनं त्यावर टाल्कम पावडर टाकली, तेल ओढून घ्यायला अर्धा दिवस तशीच ठेवली, मग मऊ ब्रशनं झाडली. डाग फिका झाला, गेला नाही. त्या दुपारी तिनं ठरवलं, आता हा कागद घराचा उंबरा ओलांडणार नाही. मशीनच घरात येईल.

हे फोनवर ऐकून सर्वांत जास्त हसला तो रत्नपाल, तिचा भाचा, म्हणजे धाकट्या भावाचा मुलगा. विजय नगरला मोठ्या कंपनीत. गळ्यातला कंपनीचा पट्टा रविवारीही उतरत नाही; उतरला तर आपण कोण हे त्याच्याच लक्षात राहणार नाही अशी भीती असावी.

"आत्या, तू पण ना यार! मोबाइलवर फोटो काढ, फॉरवर्ड कर, खतम. घरी प्रिंटर कोण ठेवतं आजकाल?"

"मागच्या वर्षी तुझ्या चुलतभावासाठी फोटो तूच काढला होतास ना?"

"हो. मग?"

"आजोबांच्या नावावर तुझ्या टकलाची सावली होती. हापिसानं परत केला."

 तो सरळ मुद्द्यावर आला. त्याच्या मुलीची, प्रीतीची, बारावी झाली होती, दाखल्याचा अर्ज सोमवारी द्यायचा होता. "मी काय म्हणून राहिलो, एकदा नीट स्कॅन करू आणि फॅमिली ग्रुपवर टाकून देऊ. ज्याला पाहिजे तो घेईल. चाळीस जणांची झंझट मिटली. तुझी पण."

"गैरवापर होतो," म्हणून धम्मदीनानं फोन ठेवला.

पण झंझट हा शब्द दातात सुपारी अडकावी तसा अडकून राहिला. ती काही बावळट नव्हती. आपल्या हातच्या पांचट चहासाठी कुणी तो जिना चढत नाही हे तिला चांगलं माहीत होतं. येतात ते कागदासाठी. वर्षाला पंधरा-वीस घरं. आली की ती त्यांना तासभर बसवते, पोरांची नखं बघते, कुणाच्या छातीत घरघर ऐकू आली तर बापाला फैलावर घेते, नवी सून असेल तर तिचं माहेर विचारून घेते. कागद एकदा ग्रुपवर गेला की त्या जिन्यावर दूधवाला आणि मांजर, बस्स. हे ती कुणाजवळ बोलली नसती. जीभ झडली असती तरी नाही.

शनिवारी रत्नपाल गाडी घेऊन आला. प्रीतीचा अर्ज त्याच्या मानेवर बसला होता, नाहीतर आला नसता. राजवाड्याच्या पुढे एका मॉलच्या तळघरात सगळी कॉम्प्युटरची दुकानं. त्यातल्या एका दुकानाचा मालक पुष्कर म्हणून होता. नखं साफ होती, म्हणून ती थांबली.

"आंटीजी, ये लो. टँकवाला है. कलर, वाय-फाय, मोबाइल से डायरेक्ट. एक बार इंक भरो, हजारों पन्ने."

"वर्षाला चाळीस पानं," धम्मदीना म्हणाली.

"चालीस हजार?"

"चाळीस."

पुष्करनं रत्नपालकडे बघितलं. रत्नपालनं भिंतीकडे.

"चलेगा आंटीजी, बिल्कुल चलेगा. बस हफ्ते में एकाध पन्ना निकालते रहना. नहीं तो क्या है ना, इंक सूख के नोझल जाम हो जाता है."

"कसलं पान काढायचं?"

"कुछ भी. फूल-वूल."

"म्हणजे मला काही नको असताना दर आठवड्याला मी याला फुलं छापायला लावायची. का, तर साहेबांची तब्येत बिघडू नये." तिनं आयुष्यभर तुंबलेल्या सुया बघितल्या होत्या, तिला नोझल काय ते कुणी शिकवायला नको होतं. "मशीन आहे का सासुरवाडीला आलेला जावई? सरकव ते."

पुष्करला मराठी कळत होतं. इंदुरात दुकान चालवायचं तर कळावंच लागतं. तो हसला, आणि दुसरं पुढे केलं. हे लेझर, पावडरवालं. वर कागद ठेवायला तिरकी फळी. "इसमें ढक्कन उठाने की भी झंझट नहीं. ऊपर कागज रखो, अपने आप खींच लेगा."

पुन्हा झंझट. धम्मदीनानं पिशवीतून एक कागद काढला. पिवळा पडलेला, घड्यांवर पापडासारखा झालेला. तिच्या वॉर्डाचा १९८७ सालचा ड्यूटीचा तक्ता.

"ओढ म्हणावं."

मशीननं कागद ओढला. आतून असा आवाज आला की शेजारच्या दुकानातला माणूसही वाकून बघायला लागला. तक्त्याचे दोन तुकडे बाहेर आले, तिसरा आतच राहिला. पुष्कर मागचं दार उघडून बोटानं तो शोधायला लागला.

"आंटीजी, कागज पुराना था."

"म्हणूनच आणला."

"आत्या," रत्नपाल दबक्या आवाजात म्हणाला, "लोक बघून राहिले."

"बघू दे. तुझ्यासारखी कामाची माणसं दिसत नाहीत ती."

शेवटी सगळ्यांच्या मागे, खोक्यांच्या आड, एक राखाडी ठोकळा निघाला. पावडरवालाच, पण फक्त काळं छापणारा. वर ओढणारी फळी नाही, साधं झाकण आणि खाली काच. वाय-फाय नाही, नुसती वायर. पुष्करनं तो दाखवला तेव्हा त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. घरातला येडा काका पाहुण्यांसमोर आणावा लागला तर होतं तसं.

"ये तो अब कोई लेता नहीं, आंटीजी."

"पावडर सुकते का? सहा महिने हात नाही लावला तर?"

"पावडर क्या सूखेगी."

दुकानात शिरल्यापासून मिळालेलं हे पहिलं शहाणपणाचं उत्तर. तिनं झाकण उचललं, दुसरा पिवळा तक्ता काचेवर ठेवला, बटण दाबलं. कॉपी आली. तीस-पस्तीस वर्षांपूर्वीची आपलीच सही तिला चष्म्याशिवाय वाचता आली.

"अगं, पण शिक्का जांभळा आहे," रत्नपाल म्हणाला. "कलर पाहिजे. आणि वाय-फाय तर मस्ट आहे."

"आजवर काळीच कॉपी देत आले. शिक्क्याचा रंग एकाही बाबूनं विचारला नाही. आणि वाय-फाय कशाला?"

"कनेक्ट करायला."

"कुणाशी?"

 ठोकळा गाडीत चढला. परतताना धम्मदीना खुशीत होती, म्हणजे पूर्ण रस्ता तिनं रत्नपालच्या ड्रायव्हिंगला नावं ठेवली.

रविवारी सकाळी बापलेक आले. ठोकळा शिलाई मशीनच्या टेबलावर बसला होता, अंगावर धुतलेला नॅपकिन. धम्मदीनानं दोघांना साबणानं हात धुवायला लावले, फिल्मा उघडल्या, कागद काचेवर ठेवला. प्रीती वाकून वाचायला लागली.

"आजी, हे माझे कोण?"

"खापरपणजोबा."

"काय पणजोबा?"

"बापाला विचार. त्यालाही माहीत नसेल."

"यांच्या डाव्या भुवईवर जखमेची खूण होती? कशानं झाली?"

धम्मदीना सांगणार होती. आजवर हे कुणीच विचारलं नव्हतं. तेवढ्यात तिला मागे चेन ओढल्याचा आवाज आला. रत्नपालनं बॅगेतून लॅपटॉप काढला होता, उघडलाही होता, आणि ठोकळा लॅपटॉपला जोडायची वायर त्याच्या हातात होती.

"आत्या, ही वायर लावली ना, की हे स्कॅनपण करतं. खोक्यावरच लिहिलंय. दोन मिनिट."

वाय-फाय नाही म्हणजे बला टळली, असं ती समजून बसली होती. या खोक्यावर काय काय लिहिलंय ते तिनं वाचलंच नव्हतं. चौतीस वर्षं औषधाची बाटली वाचल्याशिवाय उघडली नाही, आणि आता हे. तिचे कान तापले. कागद काचेवर, झाकण बंद, आणि हा मोठा शहाणा दोन बोटांनी बटणं बडवतोय.

तिनं झाकणावर पंजा ठेवला. "वायर सोड."

"अगं, तुझीच सोय बघून राहिलो ना. कुणी येणार नाही, बेल वाजवणार नाही, तुला उठावं लागणार नाही..."

"तेच."

"तेच काय?"

तोंडून निघून गेलं होतं. प्रीती मान वर करून बघत होती. आता मागे घेण्यात अर्थ नव्हता.

"दोन वर्षांत तू तीनदा आलास, रत्नपाल. एकदा भावासाठी कागद, काल मशीनसाठी, आज पोरीसाठी. माझे गुडघे कसे आहेत, एकदा तरी विचारलंस? ग्रुपवर कागद टाकला की तीनाचं शून्य. मग मी इथं मरून पडले की तुला कोण सांगणार? ग्रुप?"

"असं काय बोलते आत्या..." रत्नपालनं इकडेतिकडे बघितलं. मग, दुसरं काही सुचेना म्हणून, विचारलं, "कसे आहेत गुडघे?"

"चूप बस. आता विचारतोय, लाज नाही वाटत?"

प्रीतीनं हात लांबवून बापाचा लॅपटॉप मिटला. तो "अरे, पण" म्हणाला, तिनं ऐकलं नाही. धम्मदीनानं वायर दोन्हीकडून उपटली, बँडेज गुंडाळावं तशी चार बोटांवर गुंडाळली आणि पोलक्यात खोचली. मग बटण दाबलं. एक कॉपी आली. पुन्हा दाबलं. दुसरी आली. दोन्ही फुंकर मारून प्रीतीच्या हातात दिल्या.

"अर्जाला दोन लागतात. दोन दिल्या."

"मला एक माझ्यासाठी पाहिजे होती," प्रीती म्हणाली. "ठेवायला."

"ती पुढच्या रविवारी. आणि भुवईचं पण तेव्हाच सांगेन. एकटी ये, याला आणू नको."

"सिटी बसनं येते. अकरा चालेल?"

"साडेदहा. अकराला मी वरणाचा कुकर लावते, मग माझं लक्ष नसतं."

रत्नपाल तोवर दारात जाऊन उभा होता. बोटात गाडीची किल्ली फिरवत, पट्टा सरळ करत, भेटीची वेळ संपायची वाट बघणारे नातेवाईक वॉर्डाबाहेर उभे राहतात तसा.